वडापाव सुरक्षित आहे, आंब्याच्या पेयाचं बोला

‘आता खाण्यावरही टॅक्स!’ हा मेसेज मला आतापर्यंत चार वेळा आला. एकदा मामांकडून, एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आणि दोनदा अशा दुकानदारांकडून, ज्यांचं जीएसटी रिटर्न मीच भरतो. मजकूर थोडक्यात असा: जानेवारी 2025च्या आर्थिक पाहणी अहवालात अतिप्रक्रिया केलेल्या, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या चिप्स-कोल्ड्रिंकसारख्या पदार्थांवर ‘आरोग्य कर’ लावायची सूचना आली. पण डेन्मार्कला असा कर वर्षभरात गुंडाळावा लागला. आपल्याकडे कोल्ड्रिंकवर 40 टक्के कर आहेच, म्हणून कोणी प्यायचं थांबलं का? उद्या वडापाव-समोशावर कर येईल. बोजा गरिबावरच पडेल. इंग्रजांनी मिठावर लावला तोच हा कर. लोकांना शहाणं करा, त्यांचा खिसा कापू नका. सरकारला फक्त तिजोरी भरायची आहे. खाली नेहमीप्रमाणे ‘दहा जणांना पाठवा’.

मी तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. गावात मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात, मी वकील नाही. मेसेजातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच तो पसरतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

डेन्मार्कपासून सुरुवात करू. घटना खरी आहे. 1 ऑक्टोबर 2011 पासून तिथे संपृक्त चरबीच्या (लोणी-तुपात असते ती घट्ट चरबी) दर किलोमागे 16 क्रोनर कर लागला आणि 1 जानेवारी 2013 पासून तो रद्द झाला. पण तो लागला कशावर? लोणी, चीज, मांस, तेल, ज्यात 2.3 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी ते सगळं. म्हणजे आपल्याकडे तूप, दही, चक्का, खोबरेल असं सरसकट एका पावतीत बांधावं, तसं. प्रत्येक पदार्थातली चरबी मोजून हिशेब ठेवता ठेवता व्यापारी कावले आणि लोक गाडी काढून शेजारच्या जर्मनीतून लोणी आणू लागले. नंतरच्या अभ्यासात संपृक्त चरबीचं सेवन साधारण 4 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, तरी मी त्या कराची वकिली करणार नाही. तो वाईट आखलेला होता. मात्र त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर 2011 मध्ये, हंगेरीने पाकीटबंद चिप्स, गोळ्या-मिठाया, एनर्जी ड्रिंक यांवर मीठ आणि साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. तो टिकला, आणि पुढच्या पाहणीत सुमारे 40 टक्के उत्पादकांनी आपली कृती बदलल्याचं आढळलं. मेसेजात हंगेरी नाही.

आता 40 टक्क्यांचा मुद्दा. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या रात्री, 21 सप्टेंबर 2025 ला, मी एका किराणा दुकानात शटर अर्धं ओढून बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते आणि दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ते भरायचे होते. दुकानदार एकेक माल उचलून नाव सांगत होता, मी आकडा टाकत होतो. बिस्किटं 18 वरून 5. चॉकलेट 18 वरून 5. आइस्क्रीम 18 वरून 5. फरसाण, भुजिया 12 वरून 5. बदाम? तेही 12 वरून 5. बदाम आणि भुजिया एकाच रांगेत जाऊन बसले. मग तो फ्रिजकडे वळला. कोला: आधी 28 टक्के आणि वर 12 टक्के सेस, आता सरळ 40. म्हणजे दर बदलला नाहीच. बिनसाखरेचा कोला? तोही 40, कारण नियमात साखर ‘किंवा इतर गोडी आणणारा पदार्थ’ असं आहे. आणि बिनगॅसचं आंब्याचं पेय, ज्यात साखर बहुधा कोलाइतकीच, कधी जास्तच असते? 12 वरून 5.

दुकानदार हसला. म्हणाला, “वकीलसाहेब, म्हणजे टॅक्स साखरेवर नाही, बुडबुड्यावर आहे.”

याहून नेमकं मला सांगता येणार नाही. आपल्या 40 टक्क्यांकडे बोट दाखवून ‘बघा, साखरेवरचा कर चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं की साखरेवर कर लागलेलाच नाही. शिवाय तो किमतीच्या टक्केवारीत आहे. दहा रुपयांच्या 200 मिलिलिटरच्या बाटलीत, छापील किमतीत धरलेला कर साधारण 2 रुपये 86 पैसे. वीस रुपयांच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत 5 रुपये 71 पैसे. दोन्हींत साखर 100 मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम धरली, तर पहिल्या बाटलीत ग्रॅममागे साडेतेरा-चौदा पैसे कर पडतो आणि दुसरीत जवळपास बावीस. पेय जितकं स्वस्त विकाल तितकी त्यातली साखर करातून सुटते. 2023 मध्ये कॅम्पा कोला पुन्हा बाजारात आला तो 200 मिलिलिटरला दहा रुपये याच भावाने. कराचा दर तेवढाच राहिला आणि बाटली स्वस्त झाली, तर लोक कमी का पितील?

ब्रिटनने काय केलं ते शेजारी ठेवून बघा. कोल्ड्रिंकमधल्या साखरेवरचा कर मार्च 2016 च्या अर्थसंकल्पात जाहीर केला आणि 6 एप्रिल 2018 पासून लागू केला. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमहून कमी साखर असेल तर कर शून्य. 5 ते 8 ग्रॅम असेल तर सुरुवातीला लिटरमागे 18 पेन्स, 8 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 24 पेन्स. कंपन्यांना दोन वर्षं मिळाली. स्कॉटलंडचं लाडकं आयर्न-ब्रू 10.3 ग्रॅमवरून 4.7 वर आलं. चाहत्यांनी जुन्या चवीच्या बाटल्या घरात साठवून ठेवल्या, तो भाग वेगळा. 5 ग्रॅमहून जास्त साखरेची पेयं तिथे जवळपास निम्मी होती, ती 2019 पर्यंत साधारण 15 टक्क्यांवर आली. पिणाऱ्याने सवय बदलावी म्हणून कोणी त्याच्या मागे लागलं नाही. त्याने तीच बाटली उचलली, आत साखर कमी होती.

याने लठ्ठपणा गेला का? नाही. गोड पेयांवर कर लावणाऱ्या मेक्सिकोतही गेला नाही, आणि हे मेसेजवाल्यांपुढे मान्य करायला मला काही वाटत नाही. ब्रिटनमध्ये 10-11 वर्षांच्या मुलींमधलं लठ्ठपणाचं प्रमाण अंदाजापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी राहिलं, मुलग्यांत तसं दिसलं नाही. दातांसाठी दवाखान्यात दाखल होऊन ते काढावे लागणाऱ्या मुलांची संख्या मात्र सुमारे 12 टक्क्यांनी उतरली. एका कराकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

वडापावची भीती. ही जुलै 2025 पासून जास्त पसरली. ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशा बातम्या आल्या, नागपूरच्या एम्सचं नाव त्यात होतं. प्रत्यक्षात आरोग्य मंत्रालयाची सूचना कार्यालयांत आणि संस्थांत फलक लावण्याची होती: कशात किती तेल, किती साखर. गाडीवाल्याने पुड्यावर काही छापावं असं त्यात नव्हतं, आणि तसा खुलासाही सरकारने केला. कराचं म्हणाल, तर ज्या वडापाववाल्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे त्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्याच्याकडून ‘आरोग्य कर’ गोळा करणार कोण आणि कसा? केरळने 2016 मध्ये 14.5 टक्के ‘फॅट टॅक्स’ लावला, तोही फक्त ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झा वगैरेंवर. टपरीवरच्या केळ्याच्या भज्यांना हात लावला नव्हता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो कर वर्षभराच्या आतच त्यात विरघळला. तळलेला वडा तब्येतीला चांगला असतो असं माझं म्हणणं नाही. पण कारखान्यात बनतं, पाकिटावर साखर-मिठाचे आकडे छापलेले असतात, तिथेच असा कर बसवता येतो.

मिठाचा दाखला मात्र मला खटकला. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला माणसं लाठ्या खायला उभी राहिली, कारण मिठावाचून कोणाचंच भागत नाही आणि सरकार ते बनवूही देत नव्हतं. कोल्ड्रिंकला पर्याय म्हणून पाणी आहे, ताक आहे. दोन्ही एका ओळीत बसवू नयेत.

गरिबावर बोजा. हा मेसेजातला सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो अर्धा बरोबर आहे. दहा रुपयांत दोन रुपये वाढले तर ते मला कळणारही नाहीत, मजुराला कळतील. पण कळतील म्हणूनच तो हात आखडतो. मेक्सिकोने 1 जानेवारी 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे 1 पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी 6 टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी सुमारे 9.7 टक्क्यांनी कमी राहिली, आणि घट सर्वांत जास्त गरीब घरांत होती. जास्त उष्मांकाच्या बिनगरजेच्या पदार्थांवर त्यांनी 8 टक्के कर लावला, तिथेही तसंच: गरीब घरांत खरेदी सुमारे 10 टक्के कमी, श्रीमंतांत काहीच फरक नाही. आता दुसरा बोजा मोजा. 2023 मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात आपल्याकडे 10.1 कोटी मधुमेही निघाले. गोव्यात तर 26.4 टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून जास्त. महिन्याच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, पुढे डोळे आणि किडनी. हे बिल त्याच घरात येतं आणि त्यावर सवलत मिळत नाही. कराचा पैसा डाळी, अंडी, शाळेतलं पाणी यांकडे वळवा असा आग्रह धरा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. मेसेजात तशी मागणी नाही.

‘लोकांना शहाणं करा’ याला कोण नाही म्हणेल? महाराष्ट्राने 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड बाहेर काढायचा आदेश काढला. फाटकाबाहेरच्या दुकानात मात्र पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येतील अशा बेताने टांगलेल्या असतात. वर्गातल्या तक्त्याची त्या माळेशी गाठ आहे. चिलीने 2016 पासून पाकिटांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापायला लावले, शाळेतली विक्री बंद केली, आणि त्याआधी 2014 मध्येच जास्त साखरेच्या पेयांवरचा कर 13 वरून 18 टक्के करून कमी साखरेच्या पेयांवरचा 10 वर आणला. प्रबोधन की कर, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

राहिली तिजोरी. सरकारला पैसा आवडतो हे सांगायला मेसेज कशाला लागतो! पण ब्रिटनच्या करातून पहिल्या वर्षी 52 कोटी पौंड येतील असा मूळ अंदाज होता. कंपन्यांनी आधीच साखर कमी केली, आणि तो अंदाज 24 कोटींवर आणावा लागला. तिजोरीत खड्डा पडला, कारण कर लागू पडला. आपल्या 40 टक्क्यांना तसली काही भीती नाही. साखर घाला नाहीतर काढा, कर तेवढाच.