शिपाईमामांची फी
शाळेत नोकरी करत स्वतः उच्च शिक्षण घेणाऱ्यांच्या फीसाठीची मदत शिक्षकांपुरती न ठेवता शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा परिचर यांनाही द्या, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण खिचडी शिजवणाऱ्या ताई राहिल्याच की! त्या मानधनावर, म्हणजे यादीतून पहिल्या बाहेर.

मी हडपसरला एका शाळेत लिपिक आहे. बी.कॉम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलं. 1989 पासून नाशिकचं ते विद्यापीठच आमच्यासारख्यांचा आधार. खरं सांगू? फीपेक्षा रजा जड गेली. माझे पेपर आणि शाळेचे निकाल नेमके एकाच आठवड्यात. आणि आधी पावती जोडा, परतावा मागाहून, असाच नियम करणार असाल तर आमच्या शिपाईमामांनी पैसे आणायचे कुठून, पतपेढीतून?