‘पाच वर्षं थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या ग्रुपवर आणि आता गावोगावच्या बचत गटांतही एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘थेरपीच्या नादी लागू नका’ अशी त्याची सुरुवात. थेरपी म्हणजे मुलाला बोलायला, चालायला, खायला शिकवणारे सराव-उपचार. मजकूर थोडक्यात असा: मूल उशिरा बोलत-चालत असेल तर ५ वर्षांपर्यंत वाट बघा. ऑटिझम (मेंदूच्या वाढीतला फरक, ज्यानं मुलाला बोलणं, माणसांत मिसळणं अवघड जातं) मोबाइलमुळे होतो, मोबाइल काढून घ्या, ३ महिन्यांत मूल सुधारेल. पूर्वी घरात आजी होती, आयांना वेळ होता, म्हणून अशी मुलं नव्हती. थेरपी हा पैसे उकळायचा धंदा आहे. आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढाल तर पोराला जन्माचा शिक्का बसेल.

मी विशेष शिक्षिका आहे, विटा-आटपाडी पट्ट्यात घरोघरी जाते. हा मेसेज मला आयांनीच दाखवला. बहुतेकींना तो सासरच्या माणसांकडून आलेला.

सगळ्यात महागात पडणारा सल्ला पहिला, थांबायचा. काही मुलं उशिरा पण आपसूक बोलतात, खरंय. पण आपलं मूल त्यातलंच, हे कशावरून ठरवायचं? “त्येचा बा बी चार वर्साचा हुईस्तवर बोलला न्हवता,” असं आजी सांगते, आणि ती खोटं सांगत नसते. मी विचारते, आजी, पण हाक मारली की बा वळून बघायचा का? पाहिजे ते बोटानं दाखवायचा का? “तर! हाताला धरून वढत न्यायचा की दुकानात.” नातू हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही. फरक तिथंच आहे.

वर्षाचं होऊनही बडबड नाही, १६ महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, २ वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, ९ महिन्यांपर्यंत बिनआधाराचं बसत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही, अशा वेळी दाखवून घ्यायचं. येत असलेले शब्द गेले तर वय न बघता लगेच. न बोलणाऱ्या मुलाच्या कानांची तपासणी आधी व्हायला हवी. ऐकूच येत नसेल आणि आपण ५ वर्षं थांबलो, तर भाषा शिकायचं वय हातचं जातं. आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर ३ महिन्यांनी घरी येणं अपेक्षित आहे, तिला विचारा. अंगणवाडीतल्या मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि विकासातला विलंब हा त्याच्या तपासणीचा एक ठरलेला भाग आहे. पण लाजेपोटी लोक नेमकं त्याच दिवशी पोराला घरी ठेवतात.

मोबाइलचं म्हणणं अर्धं बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर १ तास. मोबाइल काढल्यावर काही मुलं जास्त बोलू लागतात, कारण माणसं त्यांच्याशी बोलू लागतात. पण त्यानं ऑटिझम होत नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांमधला ऑटिझम नोंदवला तो १९४३ साली. तेव्हा कुठला मोबाइल? ३ महिन्यांत मूल सुधारलं नाही की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “तूच चोरून देत असशील.”

म्हणजे गाडी आईवरच येते. हा आरोप मेसेजवाल्यांनी शोधलेला नाही. कॅनर यांच्यानंतर बरीच वर्षं अमेरिकेतही आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला, पुढच्या संशोधनानं तो पक्का केला. तज्ज्ञांनी सोडून दिलेला आरोप आपण आता फॉरवर्ड करतोय.

आणि अशी मुलं पूर्वी नव्हती? ओसरीच्या कोपऱ्यात बसलेलं ‘खुळं’ कुठल्या गावात नव्हतं? शिवाय अपुऱ्या दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं तेव्हा फारशी जगतच नव्हती. आता ती काचेच्या पेटीतून वाचून घरी येतात, आणि त्यातल्या काहींच्या विकासात अडचण राहते. एकत्र कुटुंबाचं म्हणाल, तर खानापूर-आटपाडीकडचे कितीतरी बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेत, घरी आजी-आजोबा, चुलते, सगळा बारदाना असतो. एका सुनेनं सांगितलं, “आत्यांनी (सासूबाईंनी) मेसेज मोठ्यानं वाचला, सगळी जेवत असताना.” ही सून नोकरी करत नाही. दिवसभर पोरामागंच असते.

धंद्याबद्दल. फसवणूक होते, यात शंका नाही. ऑटिझमवर स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन विकणारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे रक्ताचे ठरावीक विकार सोडले तर तो मान्य उपचारच नाही. ‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पण चांगल्या थेरपीतलं बरंचसं काम घरातच होतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं) असलेली एक पोर. आई तिला पायांवर आडवी घेऊन, मान मागं टाकून पेज पाजायची. घासागणिक ठसका, वाटीभर पेजेला तास. आम्ही तिला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्हीकडं गोधडीच्या वळकट्या लावून ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली, पातळ पेजेऐवजी घट्टसर खिमट, आणि चमचा वरून न ओतता समोरून ओठांपाशी. ठसका कमी झाला. घास छातीत गेला की न्यूमोनिया होतो आणि ही मुलं त्यातच खचतात, म्हणून हे साधं बसवणं मोलाचं.

यातही राबते ती आईच. आटपाडीहून सांगलीला एसटीनं पोर कडेवर घेऊन यायचं, अर्ध्या तासाच्या सेशनसाठी दिवसाची मजुरी सोडायची, परत जाऊन चूल पेटवायची. जावेनं थोरल्याला शाळेत सोडलं, दिरानं आठवड्यातून एकदा गाडीवरून आणलं, सासऱ्यांनी संध्याकाळी तासभर पोराशी चेंडू खेळला, तर माझं निम्मं काम होतं.

शिक्क्याची भीती मला समजते, त्यामागं थोरल्या बहिणीच्या लग्नाची काळजी असते. पण लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र बहुतेकदा तात्पुरतं असतं, पुढं फेरतपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, ऑटिझम त्यात येतो. किमान ४० टक्के दिव्यांगता नोंदली गेली तर ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानं मिळतो, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे, १ लाखापर्यंतचं विमा संरक्षण, थेरपीचा खर्चही त्यात धरलेला. अर्जासोबत प्रमाणपत्र जोडावंच लागतं.