मार आप्पांनी खाल्ला, केस मात्र सरकारची

आज अकरावी तारीख होती. अकरावी! २०१९ साली बांधावरून चौघांनी आप्पांना कुऱ्हाडीच्या दांड्याने झोडपलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, आत प्लेट आहे, डब्याचं झाकणसुद्धा उघडता येत नाही. आणि साक्ष? अजून सुरूच नाही!

सव्वासहाची एसटी धरून साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात. बाकं दोनच. एकावर आरोपी ऐसपैस, त्यांच्याच शेजारी जागा मिळाली म्हणून आप्पा तिथे टेकले. त्यातला धाकटा तंबाखू मळत म्हणतो, "काका, मिटवून टाका ना. या वयात कशाला हेलपाटे?" मी हात आवरला, नाहीतर मारहाणीचा दुसरा गुन्हा तिथेच दाखल झाला असता.

पुकारा झाला पावणेएकला. एका आरोपीचा हजेरी माफीचा अर्ज, कारण काय तर मेव्हण्याचं लग्न. त्यांच्या वकिलाचा ज्युनिअर म्हणाला, सिनिअर हायकोर्टात आहेत. मुदत मंजूर. दोन मिनिटांत खेळ खलास. आणि मागे आप्पांना डेंग्यू झाला म्हणून आम्ही एक तारीख चुकवली, तर जामीनपात्र वॉरंट घेऊन पोलीस दारात! मारणाऱ्याला रजा, मार खाणाऱ्याला वॉरंट. साक्षीदाराच्या भत्त्याचं विचारलं तर म्हणे, आधी साक्ष तर होऊ द्या.

सरकारी वकिलांवर, म्हणजे आमची केस सरकारतर्फे चालवणाऱ्यांवर, राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे. टेबलावर फायलींचा ढीग असतो, मान्य. आतापर्यंत तिघे बदलले, त्यात त्यांचा दोष नाही, तेही मान्य. पण आजच्या साहेबांनी आप्पांकडे बघून विचारलं, "दारूबंदीची केस ना तुमची?" अहो, तो वाकडा हात समोर दिसतोय की!

म्हणून तर पदरचे वीस हजार मोजून खासगी वकील लावला. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या २००९ च्या दुरुस्तीने तशी सोय झालीय. सोय कसली डोंबलाची! वकीलपत्र दाखल केल्यावर कळलं की आमच्या वकिलाने साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत, तोंडी युक्तिवाद करायचा नाही. सरकारी वकिलाच्या हाताखाली राहायचं आणि पुरावा संपल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर लेखी काय ते द्यायचं. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात हेच सांगितलं. का, तर खटल्याला सूडाच्या लढाईचं रूप येऊ नये. कळतं हो तेही. पण सूड राहू द्या बाजूला, फाईल वाचलेला एक तरी माणूस आमच्या बाजूने बोलू द्या! तेच कोर्ट २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीच्या, शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या केसमधल्या जामीन प्रकरणात म्हणालं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत सहभागाचा हक्क आहे. आमच्या तालुक्यापर्यंत तो हक्क यायचाय बहुतेक. आज आमच्या वकिलाने 'मुदतीला विरोध करा' अशी चिठ्ठी पुढे सरकवली, शाळेत पोरं सरकवतात तशी. साहेबांनी न वाचताच ती फाईलखाली सारली.

पुढची तारीख पोळ्याच्या दिवशी पडलीय. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी तर नाही ना, हे विचारायला मागे वळलो, तोवर साहेब दुसऱ्या कोर्टात निघून गेले होते.