पेशंट कुठे आहे?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, घरी रुग्णांना सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एका ब्यूरोने दादाकडे माणूस पाठवला. दादाने दार उघडलं. माणसाने आत डोकावून विचारलं, "पेशंट कुठे आहे?" दादा म्हणाला, "इथे पेशंट नाही," आणि दार लावून घेतलं. तासाभराने ब्यूरोचा मला ठाण्याला फोन, पत्ता चुकीचा दिलात म्हणून.

माझा दादा ३८ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या गोळ्यांची एकही वेळ न चुकवणारा माणूस स्वतःत मग्न कसा? तो पुण्यात सिंहगड रोडला आईच्या वन बीएचकेत राहतो, एका सीएंच्या ऑफिसात टॅलीत एन्ट्र्या करतो, महिन्याचा पगार घरी आणतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्याला पंगत उठायच्या आत आत्याने मला बाजूला घेतलं, "आता याचं काय करायचं गं?" सगळ्यांकडे उत्तरंही दोनच. तू घेऊन जा, नाहीतर एखादी संस्था बघ. दादा तिथेच पंगतीत पाणी वाढत होता. रात्री मी त्याला विचारलं. म्हणाला, "माझं घर इथे आहे."

एवढ्यावर विषय संपायला हवा होता.

"पण त्याला सगळं जमतं का?" असं लोक विचारतात. भात तो इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावतो, कारण प्रेशर कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही. कपडे, बस, यूपीआय, सगळं जमतं. अडतं कुठे, तर ठरलेला क्रम मोडला की. मार्चमध्ये सिलिंडर आला आणि फोनवर कोडच आला नाही. सिलिंडरवाला जिन्यातून ओरडायला लागला, दादाने दार लावलं, सिलिंडर परत गेला. घरातला संपलेला. तीन दिवस तो ब्रेड आणि केळ्यांवर राहिला. रविवारी मी फोनवर "काय जेवलास?" विचारलं तेव्हा कळलं. "मला सांगितलं का नाहीस?" "तू विचारलं नाहीस." यात राग नव्हता, रुसवा नव्हता. जे घडलं ते त्याने तसंच सांगितलं. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

आता दाराच्या आतल्या बाजूला त्याच्याच अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. कोड आला नाही तर 'पाच मिनिटं थांबा' म्हणायचं. मग एजन्सीला फोन. त्यांनी उचलला नाही तर माझं नाव. मे महिन्यात पुन्हा तसंच झालं आणि त्याने ते निभावलं.

असा कागद करायला सोबत बसणारं माणूस, आठवड्यातून दोन-तीन तास, एवढंच मी शोधत होते. विशेष शाळांना फोन केले, "आमच्याकडे अठरापर्यंतच." थेरपी सेंटरांत लहान मुलं. दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागृती दिन साजरा होतो, फोटोंत सगळी पाच-सहा वर्षांची मुलं दिसतात. ती मोठी होतात हो! ब्यूरोकडे अंघोळ घालणारी, भरवणारी माणसं. त्यांचं काम मोलाचंच आहे, पण दादाला ते नको आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ-कम-घरौंदा' ही निवासी योजना आहे, ज्यांना हवी त्यांना ती मिळायलाच हवी. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुलपाची किल्ली खिशात ठेवून राहणाऱ्यासाठी काय?

कायद्यात आहे, हे मला नंतर कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ म्हणतं, दिव्यांग व्यक्तीवर अमुकच प्रकारे राहण्याची सक्ती नसावी आणि घरी राहून जगण्यासाठी लागणारी मदत, अगदी वैयक्तिक सहायकसुद्धा, मिळावी म्हणून सरकारने प्रयत्न करावेत. कलम ३८ प्रमाणे ज्याला जास्त आधार लागतो त्याला तो मिळावा म्हणून स्वतः अर्ज करता येतो. मी दोन्ही कलमं छापून एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी ती मन लावून वाचली आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा पालकत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या ना."

हेच मला खुपतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरची समिती सज्ञान व्यक्तीलाही पालक नेमू शकते. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना तो आधार हवाच. पण त्याच कायद्यात लिहिलंय की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कशासाठी, हे समितीने आधी तपासायचं. आपण मात्र सरसकट सगळ्यांना तोच रस्ता दाखवतो. दादाला फॉर्म भरताना शेजारी बसणारं कुणी हवंय. त्याच्या जागी सही करणारं नकोय.

दादासारख्या मुलांच्या आईबाबांनाही एक सांगायचंय, मनापासून. आमच्या आईने दादासाठी जीव ओतला, पण सिलिंडर त्याला एकदाही नोंदवू दिला नाही. ती असेपर्यंत तिचंच सगळं चोख होतं. तुमचा मुलगा किंवा मुलगी विशीत आहे ना? मग तुम्ही धडधाकट आहात तोवरच बाहेरचं माणूस घरात येऊ द्या, चुका होऊ द्या. दादाला हे सगळं आई गेल्याच्या दुःखात शिकावं लागलं.

शेवटी ओळखीतून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, करणारा एक मुलगा मिळाला. शनिवारी चार ते सात येतो. दादा आठवड्याची पाकिटं आणि बिलं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढून टेबलावर मांडतो. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने" अशी सोसायटीची सूचना आली की किती बादल्या भरायच्या ते दोघं मिळून ठरवतात. मुलगा उपाय सुचवतो, ठरवतो दादा. तासाला ३०० रुपये सुरुवातीला मी देत होते, आता दादाच देतो. हे रीतसर काम व्हावं, त्याचं प्रशिक्षण असावं आणि ज्यांना परवडत नाही त्यांचे पैसे सरकारने भरावेत, एवढीच माझी मागणी आहे. दादाला पगार आहे, भाऊबंद आहेत. ज्यांना यातलं काहीच नाही त्यांनी काय करायचं?

मुलाचा कोर्स जूनमध्ये संपतोय, तो गावी जाईल. नवीन माणूस हवा आहे. जाहिरात या वेळी दादाने स्वतः लिहिली, शब्द न बदलता देते:

"शनिवारी ४ ते ७. सिंहगड रोड. येण्याआधी मेसेज करणे. बेल एकदाच वाजवणे. माझ्या वस्तू हलवू नये. बहिणीला काही सांगायचे असल्यास आधी मला सांगावे. चहा मी करतो."