पूर येऊ द्या, भाडं जाऊ द्या

तिजोरीच्या किल्ल्या नुकत्याच हाती आल्यात ना? अभिनंदन. आता एखादा इंजिनिअर नकाशाची गुंडाळी काखेत मारून येईल आणि पूरसंरक्षक भिंतीला पैसे मागेल. त्याला चहा पाजा, ‘सकारात्मक विचार करू’ म्हणा आणि प्रस्तावावर शेरा मारा : ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.’ त्रुटी कोणत्या, ते मात्र लिहू नका. तेवढ्यावर एक पावसाळा निघतो.

मनाला लावून घेऊ नका. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी 2009 साली अमेरिकेतल्या निवडणुकांचे आकडे तपासून दाखवलंय, की आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्याला मतदार मतं देतात. आपत्ती टाळायला खर्च करणाऱ्याला देत नाहीत. त्यांच्याच हिशेबानं आधी खर्चलेला 1 डॉलर पुढचं सुमारे 15 डॉलरचं नुकसान वाचवतो. वाचवू दे की! न बुडालेल्या घरापुढे उभं राहून कुणाला धनादेश देणार आहात? आणि हेलिकॉप्टरमधून कोरडं गाव बघण्यात काय मजा?

इंजिनिअर ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं काही बोलला तर लगेच टिपून घ्या. गेल्या वर्षीच येऊन गेला, आता 99 वर्षं निवांत, असं भाषणात सांगता येतं. खरं तर अशा पुराची शक्यता दर वर्षी 1 टक्का असते आणि 30 वर्षांत मिळून ती 26 टक्क्यांवर जाते. पण टक्केवारीचा विषय निघाला की लोकांना भलतंच काही आठवतं, तेव्हा तो न काढलेलाच बरा.

भिंत बांधावीच लागली तर बांधा, नारळ फोडा आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या आडोशाला बांधकाम परवाने सुटू द्या. देखभालीसाठी लेखाशीर्ष उघडू नका. पूर देवाचे असतील, पण पुराचं नुकसान बहुतांशी माणसाचंच कर्तृत्व, असं गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञानं 1945 सालीच लिहून ठेवलंय. कर्तृत्व दाखवायची संधी कशाला सोडायची?

आता कचेऱ्या. स्वतःची इमारत म्हणजे गळकं छत, बंद लिफ्ट, रंगरंगोटी. विकून टाका आणि तिथेच भाड्यानं राहा. विक्रीच्या वर्षी जमेची बाजू गुटगुटीत दिसते. भाडं पुढचे लोक भरतील. अॅरिझोना राज्यानं 2010 साली चक्क विधिमंडळाच्या इमारती विकून भाडेकरू होऊन दाखवलं. ब्रिटनच्या करखात्यांची तर सर कुणालाच नाही. 2001 साली त्यांनी आपल्या सुमारे 600 इमारतींचा व्यवहार बर्म्युडात नोंदलेल्या कंपनीशी केला. कर वसूल करणाऱ्यांनी करमुक्त बेटावरचा घरमालक शोधावा, याला दृष्टी लागते! अरसिक माणसंही असतात म्हणा. कॅलिफोर्नियात 11 सरकारी मालमत्ता अशाच विकायचं ठरलं होतं. 2011 साली नवे गव्हर्नर जेरी ब्राउन आले आणि लांबच्या हिशेबात हे महाग पडतं म्हणून त्यांनी सौदाच मोडला.

करार करताना घाई नको. मुदत तुमच्या निवृत्तीच्या बरीच पुढे जाणारी असावी, भाडेवाढ दर वर्षी आपोआप व्हावी आणि दुरुस्ती भाडेकरूच्या गळ्यात पडावी. जागा शक्यतो नदीकाठची घ्या. काचेच्या खिडकीतून पाणी छान दिसतं, आणि तुमची केबिन सहाव्या मजल्यावर असते. अभिलेख कक्ष तळघरात. पाणी शिरलं की शिपाई व्हरांड्यात सुतळी बांधून कागद वाळत घालतील. लाल शेरा निळ्या शाईत उतरून जांभळा होईल, जावक क्रमांक पुसले जातील आणि निम्मे लेखा आक्षेप परस्पर निकाली निघतील. त्या ढिगात भिंतीचा फेरसादर प्रस्तावही असेल. इंजिनिअरला मूळ प्रत मागा.

कार्यालय पाण्याखाली असलं तरी भाडं चालू राहील, असं कलम घरमालक घालेलच. त्यावर हुज्जत घालू नका, सही करा. आणि दुसरीकडे तात्पुरती जागा घ्या, अर्थात भाड्यानं. सभागृहात कुणी विचारलंच, की एका खात्यानं दोन भाडी भरण्यापेक्षा एक भिंत स्वस्त पडली नसती का, तर छापील उत्तर तयार आहे : माहिती संकलित करण्यात येत आहे.