पोपडे निघणारं 'प्युअर लेदर' आणि बिलावर काहीच न लिहिणारे दुकानदार

बाँडेड लेदर 'प्युअर लेदर' म्हणून गळ्यात मारणाऱ्यांची आता मनापासून चीड यायला लागली आहे. चामडं कापून उरलेले तुकडे घ्यायचे, त्यांचा भुगा करायचा, तो चिकटद्रव्यात कालवून कापडावर थापायचा, वर पॉलियुरेथेन (पीयू) या प्लास्टिकचा थर द्यायचा आणि त्या थरावर साच्यानं चामड्याची नक्षी उठवायची. झालं यांचं लेदर! आणि आत तो भुगा आहे म्हणून "खरं चामडं आहे, मॅडम" म्हणायला हे मोकळे.

आमच्या बाबांचा रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आरामखुर्ची, याच मालाचा निघाला. ताईनं त्यांच्या निवृत्तीला हौसेनं घेतलेला, चाळीस हजारांच्या घरातला. आधी डोकं टेकतं तिथं बारीक भेगा पडल्या, मग हातांवर, मग पोपडेच पोपडे. बाबा उठले की सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी कपचे, मानेवर घामानं चिकटलेले, आणि रोज सकाळी केरात सुपलीभर. खालचं पांढरट कापड उघडं पडलंय. दुकानात तक्रार केली तर उत्तर काय? "ठाण्यात हवा दमट आहे ना मॅडम. आणि काका डोक्याला तेल लावत असणार."

अहो, तुमचं दुकानही ठाण्यातच आहे! पावसाळ्यात इथं भिंतींना ओल येते, हे खुर्ची विकताना माहीत नव्हतं? पॉलियुरेथेन ओलाव्यानं हळूहळू तुटत जातं. कपाटात नुसते ठेवलेले बूट एक दिवस बाहेर काढावेत आणि तळव्याचा भुगा हातात यावा, तो याच कारणानं. जी वस्तू इथल्या हवेत टिकणार नाही ती इथल्या माणसाला विकायची आणि वर दोष त्याच्या डोक्यावरच्या तेलाला द्यायचा? साठी उलटलेला माणूस तेल लावणारच! वॉरंटी कार्ड काढून बघितलं, तर खुर्चीच्या यंत्रणेला ३ वर्षं आणि आवरणाला शून्य. म्हणजे काय होणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता नवी खुर्ची बघतेय, तर प्रत्येक दुकानात तोच तमाशा. 'जेन्युइन लेदर'चा बिल्ला लटकवला की विषय संपला. कुठला थर, विचारलं की विक्रेता छताकडे बघतो. गुराचं कातडं जाड असतं, ते यंत्रावर आडवं चिरून थर वेगळे करतात. केसांच्या बाजूचा वरचा थर मजबूत, तिथले तंतू दाट असतात. तो न घासता ठेवला तर फुल ग्रेन, वरचे डाग घासून रंग चढवला तर बहुतेक ठिकाणी त्याला टॉप ग्रेन म्हणतात. खालचा थर म्हणजे स्प्लिट, तो सैल. त्यावर जाड मुलामा देऊन नक्षी उठवली की तोही जेन्युइनच! चामडं आहे, मान्य. पण भाव वरच्या थराचा का लावता? युरोपच्या मानकात वरचा मुलामा ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला नुसतं लेदर म्हणता येत नाही. इथं मात्र सोफ्यावर प्लास्टिकचा पत्रा चढवा, कोण विचारतंय?

आणि 'लेदर मॅच' हा आणखी एक चावटपणा. बसायची जागा नि हात चामड्याचे, बाजू आणि पाठीमागे रेक्झीन. स्वस्त पडतं, कुणाला हवं असेल तर खुशाल घ्यावं, पण आधी सांगा तरी! नुसत्या पीयूचा थर दिलेल्या कापडाला 'व्हीगन लेदर' म्हणून दुप्पट भाव सांगतात ते तर विचारूच नका.

कोल्हापुरात चपलांच्या गल्लीत जाऊन विचारा. चामडं म्हशीचं की बैलाचं, बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं की क्रोमच्या रसायनात, कारागीर घडाघडा सांगेल आणि कापलेली कड हातात देईल. एसी शोरूममध्ये टाय लावून उभ्या असलेल्या माणसाला एवढं येऊ नये?

परवा एका ठिकाणी मी उशीची चेन उघडायला गेले तर विक्रेता धावत आला, "मॅडम, डिस्प्लेचा पीस आहे." मी उघडलीच. आत सरळ विणलेलं कापड. खऱ्या चामड्याची मागची बाजू मखमलीसारखी तंतूंची असते, तिथं धाग्यांची वीण दिसत नाही. वरची रंध्रंही हातभर अंतरावर हुबेहूब तीच, साच्यातली. किंमत? ६८ हजार. मी म्हटलं, ठीक आहे, बिलावर लिहून द्या, 'सर्व बाजूंनी टॉप ग्रेन लेदर'. तो आत जाऊन आला. "सिस्टीममध्ये फक्त 'रिक्लायनर, वन सीटर, ब्राऊन' एवढंच येतं." हातानं लिहा आणि शिक्का मारा म्हटलं, तर मॅनेजर जेवायला गेलेत!

बाबांच्या बिलावरही एवढंच होतं, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना दाखवायला आमच्या हातात काही नव्हतं. दुकानदार बिलावर कुठलं चामडं ते लिहून देत नसेल तर तिथून उठा आणि सरळ चांगल्या जाड कापडाची खुर्ची घ्या. आम्ही तेच करतोय.