‘एरर बंद करा, साइट सुरू होईल’ म्हणे!

काल रात्री साडेदहाला मामांचा फोन. तालुक्याच्या वाचनालयाची साइट तेच सांभाळतात. २०११ साली कॉलेजातल्या एका पोराने पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिलेली. होस्टिंगवाल्याने ती आता पीएचपी ८ च्या सर्व्हरवर हलवली. “अरे, मेसेजमध्ये होतं ते सगळं केलं. आता एररही येत नाही आणि पानही येत नाही. पांढरंफटक!”

मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल: ‘नवीन सर्व्हरवर साइट बंद पडली? घाबरू नका, पाच सोपे उपाय.’ खाली हात जोडलेले.

पहिला उपाय म्हणे, फाइलच्या डोक्यावर एरर_रिपोर्टिंग (कोणत्या चुका कळवायच्या ते ठरवणारी सेटिंग) शून्य करा, तरी कुरकुर राहिली तर कुरकुरणाऱ्या ओळीत एरर दाबणारं @ लावा. सगळ्यात घातक हाच, म्हणून आधी याच्याशीच भांडतो. चालू साइटवर येणाऱ्याजाणाऱ्याला एरर दिसू नयेत, एवढं कबूल; त्यातून फाइलींचे पत्ते, कधी टेबलांची नावंही उघडी पडतात. पण त्यासाठी डिस्प्ले_एरर्स (एरर पडद्यावर दाखवणं) बंद करायचं आणि लॉग_एरर्स (त्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिणं) चालू ठेवायचं. एरर_रिपोर्टिंग शून्य केलं की पडद्यावरचं जातंच, लॉगमध्येही काही उरत नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराचा प्रकार. आणि @ वर तर विसंबूच नका. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये ७.४ वरून ८.० वर जाण्याचं वेगळं प्रकरण आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की @ आता फेटल एरर, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवणारी चूक, दाबत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक प्रकरण वाचलं असतं तर माझी झोप वाचली असती.

मामांकडून ती ओळ काढवली, लॉग चालू केला. पान रिफ्रेश करताच फाइल आणि ओळ क्रमांकासकट उत्तर हजर: मायएसक्यूएलआय_क्वेरीला (डेटाबेसला प्रश्न विचारणारं फंक्शन) किमान दोन आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात द्यायच्या गोष्टी, हवीत, एकच दिलंय.

हा दुसऱ्या उपायाचा प्रताप. ‘मायएसक्यूएल शोधा, मायएसक्यूएलआय करा.’ मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये काढून टाकली हे खरंच आहे, पण नव्यांचा क्रम वेगळा. जुन्यात क्वेरी आधी आणि कनेक्शन दिलं नाही तरी चालायचं. नव्यात कनेक्शन आधी आणि सक्तीचं. मायएसक्यूएल_रिझल्टच्या जागी टाकायला तर तसं फंक्शनच नाही. एक ‘आय’ चिकटवून हे कसं सुटणार?

तिसरा, सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही बदला. किल्ली हरवते म्हणून कुलूपच काढून ठेवा, असला सल्ला. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ (बदल फक्त मालकाला) बहुतेक ठिकाणी पुरतं. अडलं तर फाइलींची मालकी कोणाकडे आहे ते बघा.

चौथा, मराठी अक्षरं बिघडली तर टेबल ‘यूटीएफ’ या अक्षरसंकेतात बदला. थांबा! आधी डेटाबेसचा बॅकअप, मग साइट आणि डेटाबेसमधल्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरसंकेत) तपासा. विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत असतो. टेबलातच प्रश्नचिन्हं जाऊन बसली असतील तर तो गेला.

पाचवा, होस्टकडे जुनं पीएचपी ५.६ परत मागा. दोन दिवस ताडून बघायला ठीक. पण त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या.

शेवटची ओळ मात्र कळस: ‘पान उघडलं की काम झालं.’ मामांचं पान रात्री बाराला उघडलं. सकाळी वाचनालयात रांग, कोणालाच पुस्तक मिळेना. प्रत्येकाच्या नावावर ‘दंड बाकी: ० रुपये’. लॉगमध्ये एक अक्षर नाही. स्क्रिप्टमध्ये दंड ‘रिकामा’ आहे का, एवढंच तपासलं होतं. आकडेमोडीतून आलेला शून्य आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), दोन बरोबर-चिन्हांनी (==) ताडली की जुन्या पीएचपीत समान ठरायची, ८.० पासून ठरत नाही. तेही त्याच प्रकरणात आहे. ती अट बदलल्यावर रांग हलली.

मामांनी तो मेसेज जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या ग्रुपवर आधीच टाकला होता. त्याखाली मी हे सगळं लिहिलं. पहिला रिप्लाय आला: हात जोडलेले.